रहिमतपूरचं उत्तर

"तुझा प्रोग्राम रहिमतपूरला अडून उभा राहिलाय रं," साताऱ्याच्या ऑफिसातून रिजवान भरतेशला फोनवर सांगत होता. "तितल्या लॅबचा कॉम्प्युटर उत्तर देत न्हाई. आन त्याच्या मागं मेढा, खंडाळा, सगळ्यांचे रिपोर्ट खोळंबलेत. पेशंट दवाखान्यात ताटकळत बसलेत."

भरतेश सांगलीतल्या आपल्या घरी स्क्रीनकडं बघत बसला. रक्ततपासणीचे रिपोर्ट डॉक्टरांना पोचवणारा हा प्रोग्राम त्यानंच लिहिला होता. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. गेली दोन वर्षं त्याला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं.

"उत्तर आलं की काय करायचं त्याचा कॉलबॅक दिलाय की मी," तो म्हणाला.

"दिलायस. पण उत्तर येऊन तो चालेस्तवर बाकी सगळं अडवून धरतोस. असिंक्रोनस कर गड्या, वाट बघत थांबू नगंस. उत्तर आलं की काय करायचं तेवढं सांगून ठेव आन पुढच्या लॅबकडं जा. न्हाई आलं उत्तर, तर न्हाई आलं."

खिडकीतून आई दिसत होती. आईनं, गुणमालानं, पहाटे उठून धुवट पातळ नेसलं होतं, विहिरीचं पाणी आणून सोवळ्यात स्वयंपाक केला होता. आता हातात कलश धरून ती दारात उभी होती. गल्लीतली बाकीची जैन घरंही तशीच उभी होती. मुनिमहाराज मनात एक खूण धरून निघतात, ती कुणाला सांगत नाहीत. ज्या दारात ती दिसेल तिथं थांबतात आणि दिवसातून एकदाच आहार घेतात. कुठंच दिसली नाही तर त्या दिवशी उपास.

आज येणारे महाराज दोन वर्षांपूर्वीपर्यंत जवाहर होते, भरतेशचे वडील. हळदीची वखार, घर, सगळं सोडून त्यांनी दीक्षा घेतली. ते निघताना भरतेशनं एकच विचारलं होतं, "मग माझं काय?" ते काही बोलले नव्हते.

त्यानंतर पुण्याची नोकरी चालून आली, त्यानं घेतली नाही. मैत्रीण प्रीतीच्या घरच्यांनी लग्नाचं विचारलं, तेव्हा 'बघू' म्हणाला. आई दाराकडं डोळे लावून बसलेली असते, तिला टाकून कसा जाऊ, असं तो सगळ्यांना सांगे. कारण चांगलं होतं. त्यावर कुणी पुढं विचारत नसे.

"नमोस्तु महाराज, नमोस्तु," गल्लीत आवाज उठले. भरतेश खुर्चीतून उठला नाही. एका हातात मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू, आहाराला निघाल्याची खूण म्हणून दुसरा हात आपल्याच खांद्यावर, असे वडील येताना दिसले. फार वाळले होते. ते आपल्या जुन्या घरासमोर आले. आईनं कलश पुढं धरून हाक दिली. ते थांबले नाहीत. दोन पावलं पुढं जाऊन समोरच्या प्रियदर्शनीकाकूंच्या दारात थांबले.

भरतेशनं नजर पुन्हा स्क्रीनकडं वळवली. कोडमधल्या चार ओळी बदलल्या आणि प्रोग्राम परत चालू केला. रहिमतपूरला विचारून तो तसाच पुढं गेला. मेढ्याचे रिपोर्ट सुटले, मग खंडाळ्याचे. रहिमतपूर गप्पच होतं.

मग तो बाहेर आला. आई समोरून परत येत होती, हातात रिकामं पातेलं. आपली खीर तिकडं नेऊन तिनं महाराजांच्या ओंजळीत वाढली होती.

"आई, दोन वर्षं वाट बघितलीस तू. आन ते समोर जाऊन थांबले." मग त्यानं हळूच विचारलं, "काय बोलले?"

"महाराज आहाराला बोलत न्हाईत." ती पायरीवर टेकली. "आन कुणाची वाट रं? दीक्षेआधी गुरूंनी मला इचारलं, ह्यांना जाऊ देतीस का, तवा मीच व्हय म्हणले. माझं तितंच संपलं. वखार बघते, घर बघते. कुठलंबी महाराज आले की दारात उभी ऱ्हाते."

तिनं पातेलं त्याच्या हातात दिलं.

"ह्या घरात वाट बघत एकटा तूच बसलायस."