कोरं रजिस्टर

"तिसरा मजला. यात विचार काय करायचा?" असं म्हणून मुलाने कागद आईपुढे सरकवला.

कागदावर हॉस्पिटलच्या दोन मजल्यांच्या दोन ओळी होत्या. तिसरा मजला: वर्षभरात नोंदवलेल्या चुका, शून्य. पाचवा मजला: एकेचाळीस. खुब्याचं ऑपरेशन दोन्हीकडे होत होतं, डॉक्टरही तेच. आईला सोमवारी भरती व्हायचं होतं आणि आज दुपारच्या आत मजला कळवायचा होता. तिला साखरेचा जुना आजार. म्हणजे चार दिवस इन्शुलिन दुसऱ्याच्या हातून घ्यायचं. ऑपरेशनपेक्षा तिला त्याचीच धास्ती होती.

आई त्याच हॉस्पिटलात एका वॉर्डाची मुख्य सिस्टर होती. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी घरात चमचा जागेवर नसला की तिचा आवाज चढायचा. तिच्या वॉर्डाचं चुकांचं रजिस्टर सलग अकरा वर्षं कोरं होतं. त्याचं प्रशस्तिपत्रक बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर होतं, आणि ते पाहिल्याशिवाय आल्यागेल्याला चहा मिळत नसे.

सून त्याच हॉस्पिटलात रुग्णांच्या सुरक्षिततेवर संशोधन करत होती. चाळीस वर्षांची रजिस्टरं तिने धूळ झटकून वाचली होती. जुन्या फॉर्मवर एकच प्रश्न असायचा: चूक कोणाची? पुढे त्याच्या जागी 'काय घडलं?' आलं. मग 'का घडलं?'. आता तर 'घडता घडता काय टळलं?' असाही रकाना होता, आणि नावाचा रकाना उडवलेला होता.

"म्हणजे तुमचं संशोधन वाढलं तशा चुकाही वाढल्या," मुलगा म्हणाला. बायकोची फिरकी घ्यायची संधी तो सोडत नसे.

"नोंदी वाढल्या," ती म्हणाली. पण सासूबाईंच्या त्या अकरा वर्षांचं काय करायचं, ते तिलाही उमगलं नव्हतं. शेवटी आदर्श वॉर्ड म्हणून तिने आपल्या प्रबंधात त्याच्यावर एक प्रकरण लिहायला घेतलं होतं. "आई, मी काही सांगणार नाही. तुम्हीच ठरवा."

आईने चष्मा पुसला. कागद पुन्हा वाचला.

"पाचवा," ती म्हणाली.

मुलगा हसला. "अगं, एकेचाळीस चुका आहेत तिथे."

"एकेचाळीस वेळा कुणीतरी येऊन सांगितलंय." आईने कागद परत त्याच्याकडे सरकवला. "माझ्या रजिस्टरात शेवटची नोंद एका नव्या सिस्टरची होती. सात नंबरच्या खाटेचं इन्शुलिन नऊ नंबरला दिलं, असं तिने स्वतःहून लिहिलं. मी तिला सगळ्या वॉर्डासमोर झापलं आणि आठवड्यात घरी पाठवलं. त्यानंतर अकरा वर्षं कुणी काही लिहिलं नाही."

"मग चुका थांबल्याच की."

"इन्शुलिन चुकून साखर एकदम उतरली की ग्लुकोज द्यावं लागतं. आमच्या कपाटातल्या ग्लुकोजच्या बाटल्या दर महिन्याला संपायच्या. नव्या मागवायच्या कागदावर सही माझीच असायची."

मुलाने कागद घडी करून खिशात ठेवला. सुनेला आपल्या प्रकरणाचं 'आदर्श वॉर्ड' हे शीर्षक आठवलं आणि ती ओशाळली.

"तुझ्याकडचा एक फॉर्म दे गं," आई तिला म्हणाली.

सुनेने पिशवीतून काढून दिला. आईने टेबलाशी बसून लिहायला घेतलं. सात नंबर, नऊ नंबर, ती सिस्टर, त्या बाटल्या. अक्षर अजून ओळीवर सरळ बसत होतं. लिहून झाल्यावर तिने फॉर्म खालीवर पाहिला, मग उलटूनही पाहिला. नावाचा रकाना कुठेच नव्हता. तिने समासात स्वतःचं नाव लिहिलं.