सात नंबरचा करंज

"हे प्रकरण काढून टाका," म्हणत रवींद्र सरांनी प्राप्तीच्या प्रबंधावर लाल रेघ ओढली. "करंज तो करंज. कोपरच्या खाडीवरचं तेल शीळफाट्याच्या डोंगरावरच्यापेक्षा एवढं वेगळं कसं निघेल? बिया गोळा करणाऱ्यानं भेसळ केलीय."

बिया गोळा करणारी सगुणा, म्हणजे प्राप्तीची आई, दारातच उभी होती. बाजारातून मासळीची टोपली घेऊन ती तशीच डोंबिवलीच्या कॉलेजात आली होती. लेकीची तीन वर्षं एका रेघेत गेलेली बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढा. कंची कुठली, मी सांगते."

सरांनी गालातल्या गालात हसत तीन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि नुसते आकडे टाकले. सगुणानं त्या टोपलीतल्या बर्फात, बोंबलांच्या शेजारी खोचल्या. प्रयोगशाळाभर वास सुटला. सरांनी नाकाला रुमाल लावला.

अर्ध्या तासानं एका बाटलीतलं तेल तुपासारखं थिजलं होतं. उरलेल्या दोन तशाच पातळ.

"थिजलं ते डोंगराचं. खाडीचं थिजत नाय. थंडीत होडीला लावायला आमी खाडीचंच नेतो."

सरांनी यादी पाहिली. तिन्ही बरोबर. रुमाल खाली आला, हट्ट मात्र नाही. "मग झाडांचा वाणच वेगळा असेल. खाऱ्या पाण्यानं तेल बदललं, याला पुरावा काय?"

सगुणानं एक पातळ तेलाची बाटली उचलली. "ही कंच्या झाडाची?"

"खाडीचा बांध, झाड नंबर सात," सरांनी वाचलं.

सगुणाला हसू आवरेना. "अगो प्राप्ती, ते तुज्या बापानं शीळच्या डोंगरावरनंच आनलेलं! बोटभर रोप व्हतं. मीच लावलं बांधावर."

प्राप्ती ताडकन उठली. "सर, रोप डोंगराचं, पाणी खाडीचं! डोंगरावरच्या करंजाशी डीएनए जुळवून दाखवते."

सरांनी प्रबंध पुन्हा पुढे ओढला. मग त्याच पेनानं त्यांनी रेघेशेजारी लिहिलं, 'हे प्रकरण पहिलं घ्या.' प्राप्तीनं मासळीच्या वासासकट आईला घट्ट मिठी मारली.

"बाई, पाण्याचाच गुण, ही खात्री तुम्हाला कशी?" सरांनी विचारलं.

सगुणानं टोपली डोक्यावर घेतली.

"मी पन शीळचीच ना, सर. पंचवीस वर्सं झाली खाडीवर येऊन. आता माहेरचं पानी मला अळनी लागतं."