धक्का लागल्याशिवाय

बाळाच्या खोलीत ओल चढली आणि जमिनीवर करडे, खवल्यांच्या पाठीचे किडे फिरू लागले, तेव्हा केरेन्साने घरमालकाला भरदुपारी बाहीला धरून वर आणलं.

"अगं पाखरा, खिडकी उघडत जा," पेन्गेली म्हणाला. कॉर्नवॉलच्या घरमालकांकडे ओलीवर हे एकच औषध असतं, आणि ते भाडेकरूने घ्यायचं असतं.

"पाखरू कुणाला म्हणता? बाळाची छाती भरलीय! भिंत नीट करा!"

"किड्यांना घाबरलीस होय?" त्याने बुटाचं टोक एका किड्याला लावलं. किड्याची गोळी झाली. "ही जात गोळी होते, दुसरी नुसती पळते. दोन्ही गरीब. धक्का लागल्याशिवाय हा अंग मिटत नाही."

केरेन्सा तोंड सोडणार, तोच कपाटापाशी एका किड्याची गोळी झाली. मग त्याच्या पुढच्याची. मग पावलापावलाच्या अंतरावर एकेकाची, पाळण्याच्या दिशेने.

"पाय आपटू नका!" ती खेकसली.

"मी जागचा हललोही नाही गं."

पाळण्यालगतच्या किड्याने अंग मिटलं. बाळाने वर पाहिलं, आणि कुणीतरी उचलून घ्यावं म्हणून दोन्ही हात पसरले.