दिवा कोणत्या घरचा

आर्णीत जुने काचेचे दिवे ओळखावेत ते घनश्यामनेच. बर्नरवरची अक्षरं वाचून, काच उन्हात धरून तो दिवा कुठल्या देशातून आला ते सांगायचा. त्या दुपारी कळंबच्या दीपमालाताईंनी निळ्या काचेचा एक दिवा त्याच्यासमोर ठेवला.

"जर्मनीचा आहे," बर्नर पाहून तो म्हणाला. "शंभर वर्सं तरी झाली असन."

"मले देश नाही, घर पाह्यजे, भाऊ. भंगारातून घेतला होता. लावला का एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येते. रोज एकच विचारते, 'जेवला काय रे?' तिच्या लेकाले नेऊन द्यावा म्हणलं."

घनश्यामने दिवा उलटा केला. पितळी बुडाची चीर कथलाचा ओबडधोबड डाग देऊन सांधलेली होती. तो डाग त्याने स्वतःच, हे काम शिकत असताना दिला होता. माय गेली त्याच आठवड्यात त्याने हा दिवा विकून टाकला होता.

त्याने काडी ओढली आणि वात पेटवली.


या वेळी दीपमालाताईंना काहीच ऐकू आलं नाही. घनश्याम मात्र मान खाली घालून म्हणाला, "जेवलो, माय."