बाळनाथाचा ओटा

बयाबाई ओट्यावर आडवी पडली ती उठायलाच तयार नव्हती. दोन्ही हातांनी तिने दगड धरून ठेवला होता. समोर तिचा मुलगा गोरक्ष कुदळ घेऊन उभा, मागे अख्खी वस्ती आणि वस्तीच्याही मागे पिवळं जेसीबी. सत्तरीच्या म्हातारीला ओढून काढायची हिंमत कोणात नव्हती. रस्त्याच्या कामावरचे साहेब मात्र सारखे घड्याळ पाहत होते.

सिन्नरच्या पलीकडे या माळावर गोसाव्यांची चाळीस घरं आहेत. पूर्वी घरं कुठली, पालं होती; आज इथे, परवा तिथे. हे लोक मेलेल्याला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. आणि जिथे आपलं माणूस ठेवलं तिथून वर्षभर हलायचं नाही, हा या वस्तीचा रिवाज. बहात्तर साली बयाबाईचं दहा महिन्यांचं पोर या माळात ठेवलं गेलं. एरवी गावाने तिसऱ्या दिवशी पालं उठवली असती. त्या ओल्या मातीकडे पाहून गाव गप्प बसलं. एका वर्षाची दोन झाली, पालांची घरं झाली आणि पोराचा बाळनाथ झाला. लग्नात पहिली हळद त्याला, नव्या सुनेचा पहिला नमस्कार त्याला. पुढे जे जे गेले ते त्याच्याच ओळीत ठेवले.

आता त्या ओळीवरून आणि घरांवरून रस्ता जाणार होता. कागदावर हा माळ ओसाड होता. साहेब माणूस वाईट नव्हता, पण कागदापुढे त्याचंही काही चालत नव्हतं.

"दगड काय, कोणीही रचतं," ते म्हणाले होते. "साल कोरलेला हा एकच आहे. हा उघडा. हाडं निघाली तर जुनं स्मशान म्हणून पंचनामा करतो, रस्ता वळवावाच लागेल. नाही निघाली तर उद्या सकाळी मशीन."

वस्ती लगेच हो म्हणाली. बाळनाथ पावणार, यात कोणाला शंका नव्हती. फक्त बयाबाई धावत येऊन आडवी पडली. लोकांना वाटलं, आईची माया, दुसरं काय.

गोरक्ष तिच्याजवळ खाली बसला. "आये, ऊठ. घरं जातील आपली."

तिने त्याचा कान तोंडाजवळ ओढला. "आत काय नाय, गोरख."

"म्हंजे?"

"तुझा भाऊ मेला नाय. नांदगावला हाय. एका मास्तरला मूल नव्हतं, त्याला दिला. ही माती नुसती गावाला दाखवायला."

"कोन म्हनलं?"

"तुझी आजी. मी तापात चार दिस बेसुद व्हते. उठले तर हा वटा झालेला. मी अन्न सोडलं, तवा तिनं कानात सांगितलं. म्हनली, पोर तिकडं दूधभात खातंय, तू पन जेव. आन कुनाला बोलू नको, गाव हाकलून दील."

ती जेवली होती. आणि तेव्हापासून नांदगावच्या बाजारात ती नजर लावून बसायची. आधी दप्तरवाल्या पोरांकडे, मग मिसरूड फुटलेल्यांकडे, मग टक्कल पडलेल्यांकडे. आता तो पन्नाशी ओलांडलेला असणार.

आजी गोरक्षला चांगली आठवत होती. मरायला टेकलेल्या माणसाला उठवायचं तर ती काय वाटेल ते सांगायची. त्याने आईला अलगद उचलून बाजूला बसवलं.

"नाय उघडलं तरी घरं जानारच हायेत, आये," तो म्हणाला आणि पहिला घाव त्यानेच घातला.

बयाबाईने डोळे मिटले. चाळीस घरांतल्या बाया पदर पसरून हाडं मागत होत्या. ती एकटी रिकामा खड्डा मागत होती. सुना, नातवंडं, चुली, सगळं उघड्यावर येईल हे तिला कळत होतं. तिला स्वतःची लाज वाटली. तरी तिने मागणं बदललं नाही.

खड्डा कमरेइतका झाला तेव्हा कुदळ थांबली. गोरक्षने हाताने माती सारली. करंगळीएवढाली हाडं होती. त्यांच्यात काळे मणी विखुरलेले होते आणि एक लाल. दोरा केव्हाच कुजला होता. ती मनगटी बयाबाईनेच ओवली होती. एक काळा मणी कमी पडला म्हणून लाल घातला होता.

"पावला! बाळनाथ पावला!" वस्तीने एकच गलका केला. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. जेसीबीच्या ड्रायव्हरनेही हात जोडले. थोरली सून हर्षाली धावत आली. "आत्या, घरं वाचली आपली!"

बयाबाई खड्ड्याच्या काठावर बसून होती. मणी तिच्या मुठीत होते. साहेब वही घेऊन तिच्यापाशी उकिडवे बसले. त्यांनाही मनातून बरं वाटलं होतं.

"आजी, पंचनाम्यात लिहावं लागतं. साल दगडावर आहेच. दिवस आठवतो का? बाळ कधी गेलं?"

"आज लिवा, साहेब," बयाबाई म्हणाली. "आत्ताच गेलं."