शंभर लिटर

किरणच्या पदरात पडायचं होतं ते असं : एरिया मॅनेजरची खुर्ची, कंपनीची चारचाकी, पनवेलला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि मुलीला, निशिगंधाला, तिथल्या शाळेत प्रवेश. त्यासाठी करायचं होतं ते फारसं अवघड नव्हतं. मार्चअखेर अकरा गावांतली दूध संकलन केंद्रं बंद करायची. दहा झाली होती. अकरावं त्याच्या स्वतःच्या वाडीचं होतं.

योजना कंपनीच्या मुख्य कचेरीत शिजली आणि महाडच्या हॉटेलात पडद्यावर दाखवली गेली. रोजचं दूध शंभर लिटरच्या खाली असेल ते केंद्र बंद. तिथवर जीप फिरवणं परवडत नाही. वरिष्ठ पियुष साहेबांनी शेवटी विचारलं, "अंमलबजावणी कोण करणार?" पोलादपूरचा सुपरवायझर किरण, त्याचा हात सगळ्यात आधी वर गेला. दहा गावांत त्याने हात जोडले, तोंड पाडलं, कंपनीला दोन शिव्याही घातल्या, आणि कुलूप लावून आला. या कामात त्याचा हात बसला होता.

वाडी आंबेनळी घाटाच्या वर, डोंगराच्या टेपावर. एकोणीस घरं, माघात व्यालेल्या बावीस म्हशी, दूध चौऱ्याहत्तर लिटर. केंद्र गेलं तर डोक्यावर कॅन घेऊन दोन तास उतरायचं, आणि खाली पोचेपर्यंत दूध नासायचं. तिथे आपल्या हाताने कुलूप लावलं तर पुन्हा जत्रेला तोंड दाखवायची सोय नाही. म्हणून किरणने युक्ती काढली. वाडीला महिन्याची मुदत दिली. शंभर होणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं; एकेक म्हैस तो नावानिशी ओळखत होता. केंद्र बंद करील तो आकडा. आपण नाही.

केंद्र मैनाकाकीच्या पडवीत होतं. काकीने माप धुता धुता विचारलं, "आन् शंभर नाय झालं तर? तुला वरचे बोलतील काय रे?"

नाही, मला बढती देतील, हे खरं उत्तर होतं.

"बोलतील की," किरण म्हणाला. "नोकरीवर पण येईल, काकी."

राग यायच्या ऐवजी वाडीला आपली दया यावी, एवढाच त्याचा हिशेब.

दुसऱ्या आठवड्यात आकडा ऐंशीवर गेला. मग नव्वद. किरणला हसू आलं. पाणी! पकडलं की मुदतीआधीच केंद्र बंद, आणि तेही वाडीच्याच चुकीने. घाटरस्त्यावर जीप थांबवून त्याने प्रत्येक कॅन तपासला. दूध चोख निघालं. फॅट तर उलट चढलेला. एकतीस मार्चला आकडा आला एकशे तीन.

तेव्हा मात्र तो चढण चढून वर गेला. काकीने चहा पुढे केला. काळा.

"दूध नाय काय गो काकी?"

"दूध तुलाच दिला ना सगळा." काकी हसली. "पोरांची बी सवय मोडली."

किरण कप तसाच घेऊन गोठ्यात गेला. काकीच्या दोन म्हशी. एकीच्या शेजारचं दावं रिकामं होतं. दुसरीच्या शेजारी रेडकू होतं, पण पडलेलं. बरगड्या लांबून मोजता याव्यात. डोळ्यावर माश्या बसल्या होत्या आणि ते कानही हलवत नव्हतं.

वाडीची रीत त्याला कुणी सांगायला नको होती. म्हशीचे सड चार. तीन माणसांनी पिळायचे, चौथा रेडकाचा. लहानपणी त्याने चौथ्याला हात घातला तेव्हा याच काकीने पाठीत धपाटा घातला होता. तीन सडांचे चौऱ्याहत्तर. चौथ्याचे पंचवीस. उरलेले चार पोरांच्या कपातले. बेरीज चोख होती. आणि रेडकाच्या वाट्याची शेवटची धार दाट असते, हेही तो सुपरवायझर झाल्यावर विसरला होता.

"वाडीत किती गेली?"

"नऊ." काकीने पदराला हात पुसले. "जनावराचा काय रे, पुढच्या साली परत होईल. तुझी नोकरी परत होती काय?"

खिशात फोन वाजला. पियुष साहेब. "किरण, चौऱ्याहत्तरचे एकशे तीन! तेही डोंगरात! मी थेट वर दाखवलंय. दहा बंद केलीत आणि एक वाढवून दाखवलंत. मॅनेजर तुम्हीच!"

"थँक्यू सर," किरण म्हणाला. मग फोन ठेवून काकीला म्हणाला, "उद्यापासून रेडकांना पाजा."

"आन् शंभर?"

किरणने काळा चहा पिऊन टाकला.

एप्रिलमध्ये आणखी आठ रेडकं गेली. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते, दूध सोडत नाही. एप्रिलअखेर आकडा एकतीसवर आला. केंद्र बंद करण्याचं पत्र पनवेलहून निघालं. खाली नव्या एरिया मॅनेजरची सही होती. ते वर पोचवलं जीपवाल्या सदूने.

"काय म्हणाली काकी?" किरणने फोनवर विचारलं.

"काय नाय. कुलूप स्वतःच लावलान. येवढाच विचारलान, आमच्या किरणची नोकरी राह्यली ना? मी बोललो, राह्यली."

कंपनीचा तोटा काही नाही. किरणचा तर नाहीच. सतरा रेडकं, एकोणीस घरांतला पोरांचा चहा आणि एक केंद्र, हे सगळं वाडीने भरलं. आणि वाडीच्या मते खर्च वसूल झाला होता.