मुरण्याआधी

हेमांगी दवाखान्याच्या व्हरांड्यात नुसत्या येरझाऱ्या घालत होती. सकाळी खाडीत होडी उलटली होती. मकरंददादाने तिला फळीवर ढकललं आणि तिच्या डोळ्यांदेखत तो बुडाला.

"इंजेक्शन घ्या आता," डॉक्टर पुन्हा म्हणाले. "कॅल्शियमच्या इशाऱ्याने मेंदूतल्या पेशींचे जोड कायमचे घट्ट होतात आणि आठवण पक्की होते. तो इशारा आत्ताच अडवला, तर आजची सकाळ मेंदूत मुरणार नाही. संध्याकाळनंतर मात्र काही उपयोग नाही."

"वहिनी येऊ दे आधी."

वहिनी आली. तिचे हात घट्ट धरून हेमांगीने सगळं सांगितलं. दादा शेवटपर्यंत ओरडत होता, "फळी सोडू नकोस!"

वहिनीने डोळे पुसले. "तू घे इंजेक्शन. मी ठेवीन लक्षात."

डॉक्टरांनी सुई काढली. हेमांगीने बाही वर केली आणि झटकन खाली ओढली.

"तू ऐकलंस, वहिनी. पाहिलंय त्याला फक्त मी."

ती बाकावर बसली. बाहेर ऊन उतरू लागलं होतं. वहिनी तिला खेटून बसली.

"मग परत सांग," ती म्हणाली. "सावकाश सांग."